घरच्या घरी अमेरिकन पेल एल: हॉप्सचा वास बाटलीपर्यंत कसा न्यायचा

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. त्यांचं पाकीट कात्रीने उघडलं की पपनसाची साल नखाने खरवडल्यावर येतो तसा वास येतो. त्यामागून फुलांचा येतो, आणि शेवटी थोडा पाइनच्या चिकासारखा. कॅस्केड जातीच्या हॉप्सचा हा वास हीच अमेरिकन पेल एल या बिअरची ओळख. बिअर बनवणं तसं अवघड नाही, पण हा वास पेल्यापर्यंत पोचवणं अवघड आहे. तो उकळताना वाफेबरोबर जातो, आंबताना वायूबरोबर जातो आणि बाटल्या भरताना हवा लागली तर उरलासुरलाही जातो. म्हणून पुढची सगळी कृती मी हा वास डोळ्यांसमोर ठेवूनच सांगणार आहे.

मी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळ राहते, आणि या बिअरचं मूळ इथून फार लांब नाही. कॅस्केड हॉप्स तयार झाले ते इथून दक्षिणेला असलेल्या कोरव्हॅलिस गावी, अमेरिकन कृषी खात्याच्या संशोधनातून. १९७२ मध्ये ते शेतकऱ्यांना खुले झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये लिबर्टी एल काढली, तिच्यात कॅस्केड भरपूर होते. पुढे केन ग्रॉसमन यांनी कॅलिफोर्नियातल्या चिको गावात सिएरा नेवाडा ब्रुअरी उभी केली. १९८० पासूनच्या त्यांच्या पेल एलने या प्रकाराला आकार दिला. ग्रॉसमन आधी घरीच बिअर बनवायचे आणि घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान चालवायचे. घरी बिअर बनवण्याला अमेरिकेत केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळाली ती १९७८ च्या कायद्याने. एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, घरी पिण्यापुरतंही नाही. तेव्हा हा लेख जिथे कायदा परवानगी देतो तिथल्या वाचकांसाठी आहे. आपल्या राज्याचा, देशाचा नियम आधी बघा.

भांडीकुंडी

मी सांगतेय ती पिशवीची पद्धत. धान्य मोठ्या जाळीच्या पिशवीत घालून एकाच पातेल्यात सगळं करायचं. १९ लिटर बिअरसाठी ४० लिटरचं स्टीलचं पातेलं लागतं. एवढं पाणी घरच्या शेगडीवर उकळत नाही, त्यासाठी प्रोपेनचा बर्नर हवा, आणि तो उघड्यावरच लावायचा. गॅरेजमध्ये नको, दार उघडं ठेवूनही नको, कारण कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. सुरुवात करणाऱ्याने सगळी मापं निम्मी करून २० लिटरच्या पातेल्यात स्वयंपाकघरातच करावं असं माझं मत आहे. साडेनऊ लिटर बिअर शिकायला पुरेशी होते.

बाकी सामान असं: झाकण आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी नळी) असलेली २५ लिटरची फर्मेंटर, म्हणजे आंबवायची बादली, बाटल्या भरायला तोटीची दुसरी बादली, सायफन, थर्मामीटर, घनता मोजायचा हायड्रोमीटर, उकळलेला काढा गार करायला तांब्याच्या नळीचा कूलर, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, झाकणं बसवायचं यंत्र आणि तपकिरी काचेच्या पन्नासेक बाटल्या. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या घेऊ नका, त्यांच्यावर झाकण नीट बसत नाही. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्याही नकोत. उजेड पडला की हॉप्समधला कडवटपणा देणारा भाग फुटतो आणि अमेरिकेत स्कंक नावाचा प्राणी सोडतो तसा उग्र वास येतो. उन्हात ठेवलेल्या बिअरला हे काही मिनिटांतही होऊ शकतं.

स्वच्छता दोन पायऱ्यांची. आधी धुऊन चिकटलेलं सगळं काढायचं, मग निर्जंतुक करायचं. मी स्टार सॅन नावाचं निर्जंतुक करायचं द्रव वापरते, १९ लिटर पाण्याला ३० मिलिलिटर. भांडं एक-दोन मिनिटं ओलं राहिलं की झालं, पुन्हा धुवायचं नाही. फेस राहिला तरी चालतो. उकळल्यानंतर बिअरला जे जे लागणार ते सगळं यातून काढायचं: चमचा, नळी, कात्री, यीस्टचं पाकीटसुद्धा.

साहित्य

१९ लिटरसाठी:

- टू-रो पेल माल्ट ४.५ किलो
- म्युनिक माल्ट ३०० ग्रॅम
- क्रिस्टल ४० माल्ट ३५० ग्रॅम
- मॅग्नम हॉप्स १४ ग्रॅम
- कॅस्केड हॉप्स ९८ ग्रॅम
- सेंटेनियल हॉप्स ७० ग्रॅम
- सेफेल यूएस-०५ यीस्ट, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट
- व्हर्लफ्लॉकची एक गोळी
- जिप्सम ७ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड २ ग्रॅम, कॅम्पडेनची अर्धी गोळी

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो आणि दळतो, तेच इथे जवाचं होतं. मोड येताना दाण्यात पाचकं तयार होतात आणि ती पुढे पिठाची साखर करतात. माझी आई इथे आली होती तेव्हा धान्य गरम पाण्यात पडलं आणि ती आतल्या खोलीतून म्हणाली, "सत्त्व शिजवतेयस का गं?" तिचं नाक अगदी बरोबर होतं. दुकानातून माल्ट भरडून आणा. पीठ नको, भरडच हवी: दाणा फुटलेला, पण टरफल शाबूत.

क्रिस्टल माल्ट कॅरमेलसारखी गोडी आणि तांबूस रंग देतो. तो वाढवायचा मोह होतो, पण ३५० ग्रॅमच्या वर जाऊ नका. गोडी वाढली की हॉप्सचा वास दबतो.

हॉप्स मात्र निवडून घ्या. पेलेट (दाबून केलेल्या बारीक गोळ्या) स्वरूपात, हवाबंद चंदेरी पाकिटात आणि शीतकपाटात ठेवलेलेच घ्यायचे. पाकिटावर पिकाचं वर्ष असतं. इथे तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात होते, त्यामुळे शेवटच्या हंगामाचेच मागा. उघडल्यावर पेलेट हिरवेगार दिसले पाहिजेत. तपकिरी पडले असतील किंवा चीजसारखा आंबूस वास येत असेल तर टाकून द्या, किती का महाग असेनात. उरलेले हवा काढून फ्रीझरमध्ये ठेवा.

पाणी

आमच्याकडचं नळाचं पाणी बुल रनच्या पाणलोटातून येतं, अतिशय मऊ. तुमचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर अर्धं रिव्हर्स ऑस्मोसिसचं (आरओचं) घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, आणि ते बिअरमध्ये राहिलं तर बँडेजसारखी औषधी चव येते. कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून २९ लिटर पाण्यात ढवळली की काही मिनिटांत ते निष्प्रभ होतं. जिप्सममधल्या सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि स्वच्छ लागतो. वर दिलेली मापं मऊ पाण्यासाठी आहेत. पाणी जड असेल तर पाणीपुरवठा विभागाचा अहवाल बघितल्याशिवाय क्षार घालू नका.

धान्य भिजवणं

२९ लिटर पाणी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, आच बंद करा, पिशवी पातेल्याच्या काठावर अडकवा. मग एकाने भरड हळूहळू सोडायची आणि दुसऱ्याने ढवळत राहायचं, पिठल्याला बेसन लावतो तसं. गुठळी राहिली तर तिच्या आतलं पीठ कोरडंच राहतं आणि साखर कमी मिळते. सगळं मिसळल्यावर तापमान ६६ ते ६७ वर स्थिरावलं पाहिजे. दोन अंश इकडेतिकडे झाले तरी घाबरू नका, पण ७० च्या वर राहिलं तर न आंबणारी साखर जास्त होते आणि बिअर जड लागते. ६३-६४ ला उलट होतं, बिअर फार कोरडी, म्हणजे गोडी नसलेली होते. या बिअरला मधलं बरं.

पातेल्यावर झाकण घाला आणि जुनी गोधडी गुंडाळा. एक तास. अर्ध्या तासाने एकदा ढवळा, तापमान बघा. आम्लता मोजायचं यंत्र असेल तर पीएच ५.२ ते ५.४ असावा. जास्त असेल तर लॅक्टिक आम्लाचे थोडे थोडे थेंब घाला.

तासाभराने पिशवी उचला, निथळू द्या आणि जाड रबरी हातमोजे घालून पिळा. पिळल्याने तुरटपणा येतो असं पूर्वी सांगायचे, मला तरी कधी जाणवला नाही. पातेल्यात साधारण २५ लिटर गोड काढा राहील. त्याला वर्ट म्हणतात. त्याची घनता १.०४६ ते १.०४८ यावी. हायड्रोमीटर १५.५ किंवा २० अंशांसाठी बनवलेला असतो, म्हणून नमुना आधी गार करा.

पिळलेला चोथा फेकू नका. पसरून मंद ओव्हनमध्ये वाळवला, दळून चाळला आणि थालीपिठाच्या भाजणीत मूठभर मिसळला तर खमंग लागतो. हॉप्सचा गाळ मात्र घरात कुत्रा असेल तर लगेच बांधून कचऱ्यात टाका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, जीवही जाऊ शकतो.

उकळ आणि हॉप्सचं वेळापत्रक

वर्टला पहिली उकळी येते तेव्हा तो दुधासारखा उतू जातो, आणि दुधापेक्षा जोरात. पातेल्यापासून हलू नका, आच कमी करत राहा. फेस बसला की साठ मिनिटांचं घड्याळ लावा. झाकण उघडंच ठेवा. माल्टमधून शिजलेल्या मक्यासारखा वास देणारं एक द्रव्य निघतं, ते वाफेबरोबर बाहेर गेलं पाहिजे.

इथून पुढे हॉप्स कधी पडतात याला सगळं महत्त्व आहे. हॉप्समध्ये कडवटपणा देणारी आम्लं असतात, ती नीट विरघळायला लांब उकळ लागते. वास देणारी तेलं असतात, ती त्याच उकळीत उडून जातात. एकाच वेळी दोन्ही मिळत नाही, म्हणून हॉप्स टप्प्याटप्प्याने घालायचे.

उकळी स्थिर झाली की मॅग्नमचे १४ ग्रॅम. मॅग्नम पूर्ण तास उकळणार असल्याने त्याचा वास उरणार नाही, म्हणूनच इथे महागडे सुवासिक हॉप्स वाया घालवू नयेत. शेवटची १५ मिनिटं राहिली की कूलर स्वच्छ धुऊन वर्टमध्ये बुडवा, उकळत्या वर्टमध्ये तो आपोआप निर्जंतुक होतो. त्याच वेळी व्हर्लफ्लॉकची गोळी टाका, तिने प्रथिनं खाली बसतात. शेवटची १० मिनिटं राहिली की कॅस्केड २८ ग्रॅम आणि सेंटेनियल १४ ग्रॅम. यातून थोडा कडवटपणा येतो, पण मुख्यतः चव येते.

साठ मिनिटांनी आच बंद करा. आता घाई करू नका. कूलरमधून पाणी सोडून वर्ट ८० अंशांवर आणा, पाणी बंद करा आणि कॅस्केड २८ व सेंटेनियल २८ ग्रॅम घाला. निर्जंतुक चमच्याने गोल ढवळून भोवरा करा आणि २० मिनिटं ठेवा, मधूनमधून ढवळा. या तापमानाला कडवटपणा फारसा वाढत नाही आणि तेलं वर्टमध्ये उतरून तिथेच राहतात. मी पूर्वी हे हॉप्स आच बंद करताच घालत असे. ८० पर्यंत थांबायला लागल्यापासून वासात पडलेला फरक कुणालाही न सांगता ओळखू आला.

मग कूलरचं पाणी पूर्ण सोडा आणि वर्ट शक्य तितक्या लवकर १८ अंशांवर आणा. उन्हाळ्यात नळाचं पाणीच गार नसतं, तेव्हा कूलरच्या आधी एक नळी बर्फाच्या बादलीतून फिरवा. तळाचा गाळ मागे ठेवून सुमारे २० लिटर वर्ट फर्मेंटरमध्ये घ्या. घनता १.०५४ च्या आसपास हवी. लिहून ठेवा.

यीस्ट आणि तापमान

बादली दोन मिनिटं चांगली हलवा. कोरड्या यीस्टला या हवेची तेवढी गरज नसते, पण नुकसानही नाही. एवढ्या एकाच वेळी हवा चालते, इथून पुढे नाही. यीस्ट वरून भुरभुरवा, झाकण लावा, एअरलॉकमध्ये स्टार सॅन घाला.

यूएस-०५ हे चिकोच्या परंपरेतलं यीस्ट मानलं जातं. स्वतःची चव फारशी न देता हॉप्सला पुढे येऊ देतं, पण तापमान सांभाळलं तरच. माझी दुसरी खेप मी जुलैमध्ये वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवली होती. खोली २४ अंश होती म्हणून निश्चिंत होते. पण आंबवण जोरात असताना आतली बिअर खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी गरम असते. ती खेप घशाला जाळणारी आणि डोकं धरवणारी झाली. पपनस कुठेच नव्हतं. म्हणून तापमान बादलीच्या अंगाला थर्मामीटर चिकटवून मोजा, खोलीचं नको.

जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक असेल तर उत्तम. नसेल तर माठाची युक्ती वापरा: बादली पाण्याच्या रुंद टबात ठेवा, भोवती जुनं सुती कापड गुंडाळून त्याचं टोक पाण्यात सोडा आणि पंखा लावा. जास्त उकाडा असेल तर टबात बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. पहिले तीन-चार दिवस १८ अंश, मग हळूहळू २० ते २१ वर जाऊ द्या, म्हणजे यीस्ट आपलं काम पूर्ण करतं.

कोरडे हॉप्स

पाचव्या-सहाव्या दिवशी फेस खाली बसू लागतो. घनता १.०१४ च्या आसपास आली की उरलेले कॅस्केड ४२ ग्रॅम आणि सेंटेनियल २८ ग्रॅम न उकळता तसेच कोरडे घाला. उकळलेल्या मलमलच्या सैल पिशवीत स्टीलचे जड गोळे टाकून ती बुडवायची, किंवा सुटेच टाकायचे. मी सुटे टाकते, वास जास्त उतरतो. पूर्ण आंबायच्या जरा आधी घालण्यामागे कारण आहे: झाकण उघडल्यावर आत गेलेली थोडी हवा जागं असलेलं यीस्ट खाऊन टाकतं.

तीन दिवस पुरे. लांबवलं तर गवतासारखी चव येते. कोरड्या हॉप्समधल्या पाचकांमुळे थांबलेलं आंबवण पुन्हा थोडं सुरू होतं, घनता एक-दोन अंकांनी उतरते आणि मधल्या काळात लोण्यासारखा वास येऊ शकतो. म्हणून दिवस मोजून बाटल्या भरू नका. सलग तीन दिवस घनता तीच राहिली, साधारण १.०११, आणि लोण्याचा वास नसला तरच पुढे जा. अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत भरली तर बाटल्या फुटतात, आणि काचेचे तुकडे खोलीभर उडतात. ५४ वरून ११ म्हणजे मद्यार्क साडेपाच टक्क्यांच्या जवळपास.

बाटल्या

माझी पहिली खेप मी नरसाळ्याने बाटल्यांत ओतली होती. आठवड्याभराने छान लागली. तिसऱ्या आठवड्यात रंग काळपट तपकिरी झाला आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागला. दीड महिन्याच्या कष्टाचं असं झालेलं बघून खरंच वाईट वाटलं. हॉप्स जितके जास्त तितकी ही बिअर हवेला नाजूक.

साधी साखर ११० ग्रॅम (डेक्स्ट्रोज असेल तर १२० ते १२५) ३०० मिलिलिटर पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार करून तोटीच्या बादलीत घाला. मग सायफनच्या नळीचं टोक बादलीच्या तळाशी टेकवून बिअर आणा. ती गोल फिरत वर चढली पाहिजे, खळखळ आवाज येता कामा नये. निर्जंतुक चमच्याने दोनदा अलगद फिरवा. बाटली भरायच्या दांड्याने तळापासून काठापर्यंत भरा, दांडा काढला की योग्य रिकामी जागा आपोआप राहते. प्रत्येक बाटलीला लगेच झाकण लावा, दहा भरून मग लावू असं करू नका.

भरण्याआधी फर्मेंटर एक-दोन दिवस फ्रिजमध्ये २-३ अंशांवर ठेवला तर गाळ घट्ट बसतो. पण बिअर गार होताना आकसते आणि एअरलॉकमधून हवा आत ओढते. ती अडवायची सोय नसेल तर हा टप्पा सोडा. थोडी गढूळ बिअर मला चालते, वास गेलेली चालत नाही. केग (बिअरचं धातूचं पिंप) आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्यायची ऐपत असेल तर या प्रकारासाठी तो खर्च सार्थकी लागतो.

बाटल्या अंधारात, २० ते २२ अंशांवर दोन आठवडे. दहाव्या दिवशी एक उघडून वायू बघायला हरकत नाही. नंतर सगळ्या फ्रिजमध्ये, उभ्या. ओतताना तळाचं यीस्ट बाटलीतच राहू द्या. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत संपवा, ही बिअर मुरत ठेवायची नसते.

झाकणांवर भरल्याची तारीख लिहा. आणि एक बाटली मुद्दाम फ्रिजबाहेर कपाटात ठेवा. महिन्याने तिला फ्रिजमधल्या बाटलीइतकीच गार करा, दोन्ही शेजारीशेजारी पेल्यांत ओता आणि पिण्याआधी नुसता वास घ्या.